पाच हजारांची डबलसीट
चाकोरी | वाटसरू

गेल्या रविवारी बहिणीचा फोन आला. सिंदेवाही तालुक्यात दिलेली आहे. "दादा, पोरीच्या खात्यात सायकलीचे पैसे जमा झाले. कोनती घेवाची?" मागून भाचीचा आवाज : "मामा, गियरवाली सांग, गियरवाली!" आणि त्याच्याही मागून अकरा वर्षांच्या भाच्याचा : "अन् मी कुठी बसू?"

दुकानदार पहिल्या आवाजाला किंमत सांगतो, दुसऱ्याला रंग दाखवतो. तिसऱ्या आवाजाला कोणीच उत्तर देत नाही. म्हणून आजची चाकोरी त्याच्यासाठी.

ज्यांच्या घरी आठवी-नववीची मुलगी नाही त्यांच्यासाठी आधी योजनेबद्दल. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आपले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्यात आहेत. आधी साडेतीन हजार मिळायचे, 2022 पासून पाच हजार झाले. साडेतीन हजार अगोदर खात्यात येतात, सायकल घेऊन पावती दाखवली की उरलेले दीड हजार. म्हणजे सायकल निवडायची ती घरच्यांनीच. चांगली योजना आहे, यात वाद नाही. पाचवीपासूनच्या खेड्यातल्या मुलींना एसटीत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो, तीही चांगली. पण या सगळ्या कागदांमध्ये मुलगी एकटी असते. घरी तिला भाऊ असतो, बहीण असते, तेही त्याच रस्त्याने त्याच गावातल्या शाळेत जातात. सायकल दारात आली की दुसऱ्या दिवशी सकाळी कॅरियरवर कोण बसणार, हे आईने ठरवलेलंच असतं.

परदेशात मुलं वाहून नेणाऱ्या सायकलींवर बरंच काम झालं आहे. डेन्मार्कमधली क्रिस्टियानियाची पुढे पेटी असलेली तीनचाकी 1984 पासून रस्त्यावर आहे. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या अखेरीस एक्स्ट्रासायकल नावाच्या मंडळींनी मागचं चाक आणखी मागे सरकवून लांब कॅरियरची सायकल काढली. तिच्यावर दोन मोठी पोरं आरामात बसतात, आणि तिची मूळ कल्पना निकाराग्वातल्या गरीब सायकलस्वारांकडे पाहून सुचलेली होती. आज युरोपात तीच चीज बॅटरी लावून लाखांत विकतात. आपल्या उपयोगाची म्हणावी तर आफ्रिकेत वाटली जाणारी मूळची 'बफेलो' सायकल : गियर नाही, नखरा नाही, जाड पोलाद, आणि 100 किलो पेलणारं कॅरियर. ती आपल्याकडे मिळत नाही.

पण तिची थोरली बहीण आपल्याकडे केव्हाची आहे. गॅसवाल्याची सायकल एकदा थांबून पाहा. भरलेला घरगुती सिलिंडर 14.2 किलो गॅस आणि वर तेवढंच लोखंड धरून तीसेक किलोचा होतो. गॅसवाला असे दोन आकड्यांना लटकावून उन्हातान्हात हिंडतो. काळी सायकल, डबल दांडी, सळ्यांचं कॅरियर, मागच्या चाकाला 40 आरे आणि पुढच्याला 32. हे 32-40 चं गणित कोणा शहाण्याने फार पूर्वी मांडलं, कारण वजन मागेच पडतं. रंगीत सायकलींनी ते मोडलं. दोन्ही चाकांना 36, नाहीतर त्याहून कमी. म्हणून दुकानात स्टिकर वाचत बसू नका, मागच्या चाकाचे आरे मोजा. दुकानदार हसेल. हसू द्या.

मग गॅसवाल्याचीच सायकल भाचीला घ्यावी का? नाही. इथे युरोपच्या पुस्तकातलं काही चालत नाही आणि गॅसवाल्याचंही नाही, कारण ओढणारं माणूस वेगळं आहे. तिकडे ऐंशी किलोचा बाप पंचवीस किलोचं पोर नेतो. आमच्याकडे चाळीस किलोची ताई तीस किलोचा भाऊ नेते, वर दोन दप्तरं. दोन वर्षांत भाऊ तिच्याइतकाच होतो. सायकलीवरचा अर्धा भार मागे, तोही उंचावर, आणि हाताळणारी तेरा वर्षांची. अशा वेळी पुढचं चाक हलकं होतं, हँडल डुलतं. भावाने मागे वळून मित्राला हाक मारली तरी सायकल रस्ता सोडते.

दांडीची सायकल तिला का नको, याचं कारण आमच्या मिस्त्रीने मला सांगितलं आणि इतकी वर्षं सायकल चालवूनही ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कॅरियरवर कोणी बसलेलं असताना पाय मागून फिरवून बसताच येत नाही. गॅसवाला सायकल ढकलत पळतो आणि पुढून टांग टाकतो, तेरा वर्षांच्या मुलीला सलवार-कमीजमध्ये ते जमायचं नाही. म्हणून लेडीज फ्रेमच हवी. पण खाली एकच बारीक नळी असलेली नको. दोन समांतर नळ्या उतरत येतात ती घ्यावी, नाहीतर वजन पडलं की फ्रेम पिळवटते. आणि उंची अशी हवी की सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. 'पुढच्या वर्षी वाढेल' म्हणून मोठी घेऊ नका. डबलसीट सायकल चालताना क्वचित पडते, थांबताना पडते.

गियरचं एका वाक्यात सांगतो : कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना बेडगावचा घाट लागतो, तिथल्या पोरींनी गियर मागितला तर मी समजू शकतो, पण वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या सपाट रस्त्यावर गियर म्हणजे पंक्चरवाल्याला न सुटणारं कोडं. शॉकअपवाल्या सायकलीबद्दल तर बोलूच नये. मागे शॉकअप असला की धड कॅरियर बसत नाही. एका दुकानात मला तशीच सायकल दाखवून "लावून देऊ की कॅरियर" म्हणाले. सीटच्या नळीला एकाच पट्ट्याने चिकटलेलं, हवेत लोंबणारं. त्यावर डबाही ठेवू नये.

माझ्या डाव्या टाचेवर एक व्रण आहे. दुसरीत असताना वडिलांच्या कॅरियरवर बसून मूल गावाच्या रस्त्याने येत होतो, झोप लागली आणि पाय आऱ्यांत गेला. वडिलांची त्यात काही चूक नव्हती. पाय ठेवायला जागाच नव्हती तर पाय कुठे जाणार? हाडांच्या कोणत्याही डॉक्टरला विचारा, सायकलच्या आऱ्यांत गेलेल्या टाचा त्यांना नव्या नाहीत. आता गंमत पाहा. मोटरसायकल विकायची तर 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं निम्मं चाक झाकलेलं हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते याच नियमातून आलं. मागे बसणारा तोच, ओढणी तीच, टाच तीच. पण पॅडलवाल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही.

ते आपणच करून घ्यावं लागतं. सायकलीसोबत येणारं कॅरियर बहुधा वही-डब्यासाठी असतं, बऱ्याच कॅरियरवर 25 किलोची मर्यादा कोरलेलीही असते. ते काढून ठेवा. वेल्डिंगवाल्याकडून सळईचं कॅरियर बनवून घ्या. चारही पाय खाली चाकाच्या नटाला यायला हवेत, बसायची जागा शक्य तितकी सीटला चिकटून आणि खाली. कॅरियर मागे लांबवलं तर पुढचं चाक आणखी हलकं होईल. सीटच्या मागे हात धरायला एक वाकवलेली कडी. चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी. नटाशेजारी पाय ठेवायला दोन पायटे, आणि ते भावाला सायकलीवर बसवून, त्याच्या पायाचं माप घेऊन लावा. मोठ्या पोराचे गुडघे उंच येतात, माप न घेता लावले तर बसणारा तिसऱ्या दिवसापासून पाय लोंबकळत ठेवू लागतो. वर जुन्या गोणपाटाची गादी. माझ्याकडे एवढ्या कामाचे वेल्डिंगवाल्याने सातशे रुपये घेतले, सळई त्याची.

ब्रेकला मात्र कंजुषी नको. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींच्या रिम चकचकीत लोखंडाच्या असतात आणि पावसात ब्रेकचे रबर त्यांवर साबणासारखे घसरतात. एकटीने ज्या उतारावर सायकल थांबते, तिथे डबलसीट थांबत नाही. रबर दर पावसाळ्याआधी बदला, आणि मुलीला शिकवा की ओल्या रस्त्यावर वळणाच्या खूप आधीच दोन्ही ब्रेक हलके दाबत यायचं. काळ्या मातीच्या भागात, वरोरा-चिमूरकडे, पावसाळ्यात मडगार्डमध्ये चिखल भरून चाकच अडतं. मडगार्ड आणि टायर यांत दोन बोटं जाण्याइतकी फट ठेवा.

आता ज्याच्याशिवाय आमच्या भागात कोणत्याही रस्त्याची गोष्ट पुरी होत नाही, त्याच्याबद्दल. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यातल्याच मेंढा-मालच्या तीन बाया तेंदूपत्त्याला गेल्या आणि एकाच दिवशी वाघाने मारल्या. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात काम संपवून निघालेल्या कामगाराला वाघाने मारलं, पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एक पोरगा उचलला. बहीण फोनवर हे बोलली नाही. पण तिच्या "कोनती घेवाची"चा अर्थ रंग नव्हता, "कोनती लवकर घरी आणते" असा होता. हिशेब साधा आहे. शाळा पाचला सुटते, घर चार किलोमीटर. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. पायी निघालेला भाऊ सहाला पोचतो, तेव्हा अंधार पडलेला असतो. डबलसीट सायकल तासाला दहा किलोमीटर धरली तरी साडेपाचच्या आत दोघं अंगणात. ज्यांना डबलसीट म्हणजे बेशिस्त वाटते, त्यांनी हा हिशेब करून पाहावा. बहीण सायकलवर आणि भाऊ मागून पायी, यात कसली शिस्त?

दिव्याबद्दल एवढंच की डायनमोवर विसंबू नका. चाक फिरतं तोवर उजेड असतो. रस्त्यात काही दिसलं म्हणून थांबलात की नेमका तेव्हाच अंधार. बॅटरीचा दिवा हँडलला बांधा, टॉर्च कॅरियरवाल्याच्या हातात द्या. त्यालाही काही काम हवं. आणि जंगलालगतच्या रस्त्याने चार सायकली मिळून निघा, घंट्या वाजवत.

मोटरसायकलवर बाप पोचवेल, हा पर्याय ज्यांना परवडतो त्यांना परवडो. तीच मोटरसायकल सकाळी बापाला कामावर जायला लागते.

सरकारकडे माझं मागणं मोठं नाही. पाच हजारांची पावती मागताना तिच्यात कॅरियर, जाळी, पायटे आणि दिवा यांचं बिलही धरा. सायकलीवर दुसरं पोर बसणार हे गावातल्या प्रत्येक मास्तरला माहीत आहे, शाळेच्या फाटकात तो रोज पाहतो. मग ते कागदावर यायला काय हरकत? जिल्हा नियोजनाच्या बैठकीत कोणी हा विषय काढला तर त्याचा चहा माझ्याकडे लागला.

भाचीची समजूत अजून पुरती पटलेली नाही. गियर नाही तर निदान रंग तरी जांभळा, यावर तह झाला आहे.

या आठवड्यात तुमच्याही घरी सायकल घ्यायची असेल तर धाकट्याला दुकानात सोबत न्या. मुलीला सीटवर, त्याला कॅरियरवर बसवा आणि दुकानासमोरून एक फेरी मारायला सांगा. तिने ब्रेक दाबून दोन्ही पाय टेकवले आणि सायकल सरळ उभी राहिली, तर पैसे द्या.