फोन लागतो, पुढे काय?

मध्यरात्री १४४१६ हा क्रमांक फिरवला तर पलीकडून कोणीतरी बोलते. आपल्या देशात ही सामान्य बाब नव्हे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सरकारी मदतवाहिनी चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीसह २० भाषांत उपलब्ध आहे. तिच्यावर आजवर २० लाखांहून अधिक फोन आले. हे श्रेय मी नाकारत नाही. माझा प्रश्न फोन ठेवल्यानंतर उजाडणाऱ्या सकाळचा आहे.

प्रत्यक्ष उपचारांची गरज असेल, तर समुपदेशकाने त्या व्यक्तीला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवावे, अशी योजना आहे. कर्नाटकातील बेल्लारीच्या प्रयोगावरून १९९६ मध्ये आकाराला आलेला हा कार्यक्रम ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. बाह्यरुग्ण विभाग, समुपदेशन, औषधे, जिल्हा पातळीवर दहा खाटा, मंजुरीत सारे काही आहे. परंतु मंजूर झालेले पद म्हणजे खुर्चीत बसलेला डॉक्टर नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचाराविना असल्याचे नोंदवले. देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. बुंदेलखंडातील शेतमजुराला गोळ्यांसाठी दरमहा एका दिवसाची मजुरी आणि बसभाडे मोजावे लागत असेल, तर ते उपचार किती महिने टिकतील?

याचे उत्तर संसदेने पूर्वीच दिले आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम १८ अशा सेवेला हक्क मानते. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील, तर रुग्णाला त्याच जिल्ह्यातील अन्य सेवेकडे जाता येते आणि तो खर्च सरकारने सोसायचा असतो. म्हणजे रिकाम्या पदाची किंमत रुग्णाने नव्हे, शासनाने मोजावी, असा हा स्पष्ट हिशेब आहे. मदतवाहिनीच्या जाहिरातींत मला हे कलम कधी आढळलेले नाही.

पैशाची दिशाही पाहावी. या दूरसेवेसाठी २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे १३४ कोटी रुपये दाखवले होते; पुढील वर्षी ९० कोटी. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली असताना हा आखडता हात मला अनाकलनीय वाटतो.

तज्ज्ञ एका रात्रीत घडत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ‘आत्मीयता’ या उपक्रमाकडे मी लक्ष वेधतो. पुण्याच्या ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’ने तो नाशिक जिल्ह्यातील गावांत आरंभला आणि पुढे गुजरातमधील मेहसाणात विस्तारला. गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक खचलेल्या माणसाला ओळखतात, त्याच्याशी बोलत राहतात, सरकारी योजनेचा अर्ज भरून देतात आणि गरज भासल्यास जिल्हा रुग्णालयात पोहोचवतात. निराशेमागे अनेकदा थकलेले कर्ज किंवा अडलेले निवृत्तिवेतनही असते, ही जाण मला त्यात विशेष मोलाची वाटते.

‘टेली-मानस’ची यशोगाथा आजवर आलेल्या फोनच्या संख्येने सांगितली जाते. आरोग्य मंत्रालयाने यापुढे आणखी तीन आकडे, जिल्हावार आणि दर तिमाहीला, प्रसिद्ध करावेत: किती जणांना जिल्ह्याकडे पाठवले, त्यांतील किती जणांना महिनाभरात डॉक्टर भेटला, आणि कलम १८ नुसार किती जणांचा खर्च सरकारने दिला.