कुंपण आपले, राखणही आपलीच



दर आठवड्याला या जागेवर मी खते, बी-बियाणे आणि कीड-रोग यांबद्दल लिहितो. आज जरा निराळा विषय घेतो आहे. गेल्या रब्बीत एका गावी हरभऱ्यावरील घाटेअळीची सभा आटोपली, चहा झाला, आणि पारावर बसलेल्या एका आजोबांनी विचारले, "साहेब, ते अतिरेकी मुंबईत बाँब फोडतात, काश्मिरात गोळ्या घालतात. आम्ही इथे ढेकळे फोडणारे. आमचा त्यात काय संबंध?" जीप सुरू होती म्हणून मी काहीतरी बोलून निघालो. नीट उत्तर द्यायचे राहिले, ते आज देतो.

१२ मार्च १९९३ चा शुक्रवार जुन्या मंडळींना आठवत असेल. दुपारी दोन-सव्वादोन तासांत मुंबई एकामागून एक स्फोटांनी हादरली. २५७ माणसे गेली. शेअर बाजार, सेंच्युरी बाजार आणि प्लाझा सिनेमा यांच्याबरोबर मस्जिद बंदरचा काथा बाजारही त्यात होता. काथा बाजाराच्या त्या भागात घाटावरचे हमाल-माथाडी पोटासाठी राबत. म्हणजे मरण कोणाच्या वाट्याला येते ते पाहा.

पण हे आरडीएक्स मुंबईत आले कोठून? ते उतरले रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातील दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर. नारळी-पोफळीच्या बागांचा तो मुलूख. तेथून ते गाड्यांत भरून रस्त्याने मुंबईला गेले. वाटेवर कस्टम होते आणि पोलीसही होते. त्यांतल्या काहींनी पैसे घेऊन डोळे मिटले, आणि पुढे न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. कुंपणानेच शेत खाल्ले. लाच देणाऱ्याने चांदीची तस्करी म्हणून दिली असेल, घेणाऱ्याने 'आपल्याला काय करायचे' म्हणून घेतली असेल. पण त्याची किंमत २५७ घरांनी मोजली. आजोबा, पहिला संबंध हा. शहरात पोहोचायचा रस्ता खेड्यातून जातो.

आता दुसरे उदाहरण ऐका. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी समुद्रातून मुंबईत शिरले. वाटेत त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवली, आणि तिच्यावरील पाचही जणांचा जीव घेतला. मुंबईत पाऊल टाकण्याआधी त्यांनी मारलेली ही माणसे पोटासाठी समुद्रात गेलेली होती. पुढे तीन दिवसांत १६६ माणसे गेली. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हातात नुसती काठी घेऊन उभे होते. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या पोटात घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला, खटला चालला, कट कोठे शिजला ते जगापुढे आले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला त्याला फाशी झाली. ओंबळे हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याच्या केडंबे गावचे. आधी फौजेत, मग पोलिसात. देशाने त्यांना मरणोत्तर अशोक चक्र दिले. एका किनाऱ्यावर कोणी पैशासाठी वाट मोकळी केली, दुसऱ्या किनाऱ्यावर एकाने जीव देऊन वाट अडवली. दोघेही सरकारी पगारदारच. कायदा, बंदुका, यंत्रणा सगळे हवेच. पण अखेरीस गाठ पडते ती माणसाच्या इमानाशी.

आता तिसरी गोष्ट. ती माझी स्वतःची आहे आणि सांगायला मला बरे वाटत नाही. १९९३ साली मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो. वर्गात कोकणातला एक मुसलमान मुलगा होता, घरची पोफळीची बाग. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे चार दिवस राहिलो होतो, त्याच्या आईच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या. स्फोटांनंतर खाणावळीत त्याच्या शेजारी कोणी बसेना. मीही बसलो नाही. भांडलो नाही, टोचून बोललो नाही; ताट उचलले आणि दुसऱ्या बाकावर गेलो. परीक्षा संपल्यावर तो न भेटताच गावी गेला. मला त्याची अजून लाज वाटते. बाँब फोडणाऱ्याला जे हवे होते, ते त्या खाणावळीत मी त्याला फुकट करून दिले.

कारण अतिरेक्याचे गणित समजून घ्या. देशात एवढी कोटी माणसे. सगळ्यांना तो मारू शकत नाही. तो शे-दोनशे मारतो आणि बाकीच्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहावे अशी वाट बघतो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जणांना मारले, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातले. धर्म विचारून गोळ्या घातल्या, असे वाचलेल्यांनी सांगितले. मारणाऱ्यांना काय पेरायचे होते ते उघड आहे. पण त्याच जागी पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथलाच एक मुसलमान घोडेवालाही मारला गेला, हेही मुलाबाळांना सांगा. नुसती अर्धी गोष्ट सांगू नका.

"मग साहेब, सावध राहायचे की नाही?" राहायचे, अवश्य राहायचे. पण सावधपणा वेगळा आणि अंधळा संशय वेगळा. घाटेअळीच्या सभेत मी काय सांगितले होते? कामगंध सापळे लावा, रोज मोजा, नुकसानीची पातळी दिसली तरच फवारा. न पाहता सरसकट फवारले तर मित्रकीटक आधी मरतात आणि अळी दुपटीने येते. माणसांना कीड म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण आधी पाहावे, मग करावे, ही रीत इथेही खरी आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी काय झाले? मोबाइलवर मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. बाजारात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक आपल्याच सोलापूरकडचे. तिथे अतिरेकी कोणी नव्हता. भीती होती, आणि ती पुरेशी झाली.

तेव्हा काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवा. विहिरीला सुरुंग लावता तेव्हा परवानाधारकाकडूनच काम घ्या. काम संपल्यावर उरलेल्या जिलेटिनच्या कांड्या आणि केपा त्याने मोजून परत न्याव्यात, एकही गोठ्यात की माळ्यावर राहू देऊ नका. आपल्या नावावर दुसऱ्याला सिमकार्ड घेऊन देऊ नका, आधारची प्रत ओळखीशिवाय कोणाच्या हाती देऊ नका. खोली भाड्याने दिली तर माणसाची कागदपत्रे पाहा आणि पोलीस ठाण्यात नोंद करा. बेवारस वस्तू दिसली तर हात लावू नका. खरोखर खटकणारे काही दिसले तर पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ ला फोन करा. जमाव गोळा करू नका, हात उगारू नका. आणि मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलण्यापूर्वी तो कोणी लिहिला आणि त्याला कसे कळले, एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर तो निरोप तिथेच पुसून टाका.

त्या आजोबांच्या गावी खरिपाच्या सभेला मी पुन्हा जाणार आहे. हा अंक बरोबर नेणार आहे. आणि तुमच्या शाळेत, पारावर, लग्नाच्या पंगतीत कोणाच्या शेजारची जागा अशीच रिकामी दिसली, तर आपले ताट घेऊन तिथे जाऊन बसा. मी बसलो नव्हतो, म्हणून सांगतो.