साखरेचा इशारा बाटलीच्या दर्शनी बाजूलाच हवा

14 ऑक्टोबर 2025 रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आदेश काढला की, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार न बनवलेल्या कोणत्याही पेयावर ‘ओआरएस’ असे छापता येणार नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी आठ वर्षे पाठपुरावा केला होता. खऱ्या ओआरएसच्या लिटरभर पाण्यात ग्लुकोज असते 13.5 ग्रॅम. त्याच नावाने तयार खोक्यांतून विकल्या जाणाऱ्या काही पेयांत साखर होती लिटरमागे 100 ग्रॅमच्याही वर. जुलाब झालेल्या मुलाला एवढी साखर पाजली की आतड्यात पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढतात. उन्हाळ्यात पारा 45 अंश ओलांडतो त्या चंद्रपुरात, किंवा पावसाळ्यात पुराने रस्ते तुटतात त्या गडचिरोलीतल्या भामरागडात, असा घोटाळा जिवावर बेतू शकतो. पण या प्रकरणातून आणखी एक गोष्ट स्वच्छ दिसते. आईबाप ती खोकी घेत होते ते मागची बारीक अक्षरे वाचून नव्हे, समोरची ठळक अक्षरे पाहून. खरेदी दर्शनी बाजूवर ठरते. मग धोक्याची सूचनाही तिथेच असली पाहिजे.

आज थंड्याच्या बाटलीवर साखरेची माहिती असते ती मागच्या बाजूला, बहुधा इंग्रजीत आणि 100 मिलिलिटरच्या हिशेबाने. नेहमीच्या कोला पेयांत 100 मिलिलिटरमागे साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. म्हणजे अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत 25 ग्रॅमच्या वर, किमान पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये प्रौढ माणसासाठी जी इष्ट मर्यादा सुचवली, ती दिवसाला सुमारे 25 ग्रॅमचीच आहे. लहान मुलाची त्याहून कमी. हे कळण्यासाठी गिऱ्हाइकाने बाटली उलटायची, आकडा शोधायचा, त्याला अडीचने गुणायचे, पाचने भागायचे आणि मग मर्यादा आठवायची. एटापल्लीच्या आठवडी बाजारात, हाताला लोंबकळणारे पोर सांभाळत, हे कोण करणार? पुण्यातला पदवीधर बापही करत नाही. माहिती छापली की जबाबदारी संपली, हा कंपन्यांचा युक्तिवाद म्हणूनच मान्य करता येत नाही.

दर्शनी इशाऱ्याने घरातली निवड खरोखर बदलते का? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात संशोधकांनी 2 ते 12 वर्षांच्या मुलांच्या पालकांना प्रयोगासाठी उभारलेल्या दुकानात खरेदी करायला लावली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, साध्या बाटल्या समोर असताना 45 टक्के पालकांनी मुलासाठी गोड पेय घेतले. आजाराचे चित्र असलेला इशारा होता तिथे 28 टक्के पालकांनी. चिलीने 2016 पासून जादा साखरेच्या पदार्थांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, आणि त्यानंतर अशा पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घटली. ही घट एकट्या शिक्क्याची नव्हे, कारण त्याच कायद्याने मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळेतील विक्रीवरही निर्बंध आणले होते. पण तिथल्या मातांशी बोलताना अभ्यासकांना जे आढळले ते मला या आकड्याहून मोलाचे वाटते: लहान मुलेच शिक्का ओळखून ‘हे नको’ म्हणू लागली होती. अक्षर न येणाऱ्या मुलालाही शिक्का ओळखता येतो. ज्या घरात आजीला वाचता येत नाही आणि बापाला इंग्रजी येत नाही, त्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

परदेशातले प्रयोग इथे कसे लागू पडणार, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्याच देशात आहे. तंबाखूच्या पाकिटांवर चित्रमय इशारे 2009 मध्ये आले आणि 2016 मध्ये त्यांनी पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापला. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी 62 टक्के आणि बिनधुराचा तंबाखू खाणाऱ्यांपैकी 46 टक्के लोकांनी सांगितले की, इशारा पाहून व्यसन सोडण्याचा विचार मनात आला. विचार आला म्हणजे व्यसन सुटले असे नाही, हे खरेच. पण पाकिटावर काहीच नसते तर तो विचारही आला नसता.

आता खर्रा पाहा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधून दिला जातो. पन्नीवर काहीही छापलेले नसते. चंद्रपूर-गडचिरोलीत सर्वाधिक चालणारा तंबाखूच असा इशाऱ्याच्या कक्षेबाहेर राहिला. इशाऱ्याची मर्यादा इथे कळते, आणि ती मान्य केलीच पाहिजे: सुट्या सरबताला आणि बर्फाच्या गोळ्याला शिक्का लावता येणार नाही. पण कारखान्यात भरलेली सीलबंद बाटली ही काही खर्रा नव्हे. ती मोजक्या कारखान्यांतून येते. तिच्यावर काय छापायचे हे दिल्लीत एका नियमाने ठरू शकते आणि ते पार सिरोंच्याच्या टोकापर्यंत पोहोचते. इतक्या दुर्गम भागात सरकारचा दुसरा कोणता संदेश इतक्या स्वस्तात पोहोचतो?

तो नियम कोणता असावा, यावरच खरा वाद आहे. प्राधिकरणाच्या 2022 च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारांकन होते. तारा ही शाबासकीची खूण आहे. अर्धा तारा मिळालेले पेयही गिऱ्हाइकाला ‘काहीतरी चांगले’ वाटणार. शिवाय शिक्का साखरेवर बेतलेला हवा, बुडबुड्यांवर नव्हे. सप्टेंबर 2025 पासून साखर घातलेल्या फसफसत्या पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे, तर फळांच्या रसाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या साध्या पेयांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. आंब्याचे चित्र असलेल्या बाटलीत साखर कितीही असो, करामुळे ती स्वस्त आणि चित्रामुळे पौष्टिक वाटते. पाहुण्यांपुढे आणि पोरांच्या हातात तीच जाते.

सर्वांत गंभीर आक्षेप कुपोषणाचा आहे. जिथे मुले वजनाला कमी भरतात, तिथे साखरेची कसली भीती, गोड प्यायले तर अंगी तरी लागेल, असे अनेकांना मनापासून वाटते. पण या साखरेसोबत ना प्रथिने येतात, ना लोह. जेवणाआधी तिने पोट भरते आणि भात-वरण, अंडे ताटातच राहते. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील सुमारे दहा टक्के किशोरवयीन मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. कुपोषण आणि मधुमेह एकाच घरात नांदू शकतात. दारूबंदीचा अनुभव असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीत ‘आणखी एक बंदी’ अशी कुरकुरही होईल. शिक्का म्हणजे बंदी नव्हे. ज्याला प्यायचे तो पिईलच. फक्त काय पितो आहे ते त्याला ठाऊक असेल.

सीबीएसईने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. भामरागड-कोरचीच्या जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळा त्या मंडळाखाली येत नाहीत, पण असा फलक लावायला त्यांना कोणाची मनाई नाही. शाळेच्या 50 मीटरच्या आत जादा साखरेचे पदार्थ विकू नयेत, हा नियम तर 2020 पासून आहेच. ग्रामसभांनी तो ठराव करून अमलात आणावा, लग्नात आणि मंडईत थंड्याऐवजी ताक, पन्हे, आंबील ठेवावी. आणि प्राधिकरणाने ताऱ्यांचा नाद सोडून मराठीसह प्रत्येक राज्याच्या भाषेत, बाटलीच्या दर्शनी बाजूवर ‘साखर जास्त’ असा काळा शिक्का सक्तीचा करावा.