वकिलांची शिस्त : उरलेला एकच दरवाजा

वकिलाच्या सेवेतील त्रुटीबद्दल अशिलाला ग्राहक न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला आणि २००७ पासून रेंगाळलेल्या वादावर पडदा पडला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्या वर्षी नेमका उलट कौल दिला होता. वकिली हा व्यापार नव्हे आणि वकिलावर अशिलाचे थेट नियंत्रण असते, ही न्यायालयाची भूमिका तर्काला धरून आहे. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दाव्याचा मार्गही खुला आहे. मात्र एका वकिलाकडून पोळलेल्या माणसाने वर्षानुवर्षांच्या दाव्यासाठी दुसरा वकील शोधावा, हा उपाय कागदावरच शोभतो. त्यामुळे सामान्य पक्षकारासाठी व्यवहारात उरते ती बार कौन्सिल.

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमातील कलम ३५ अन्वये राज्य बार कौन्सिल अशी तक्रार आपल्या शिस्तपालन समितीकडे सोपवते. समज देणे, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करणे किंवा नामावलीतून नाव कायमचे कमी करणे, या तीन शिक्षा समितीच्या हाती असतात. बुडालेली रक्कम भरून देण्याची तरतूद त्यात नाही. समितीचे तिन्ही सदस्य वकीलच असतात. त्यांपैकी दोघे कौन्सिलचे सदस्य, म्हणजे बहुधा वकिलांच्या मतांवर निवडून आलेले. उद्या ज्यांच्याकडे मते मागायची, त्यांनाच आज दंड करायचा, हा या रचनेतील मूळचा पेच आहे. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरांच्या नियमनाचे काम २००६ पासून त्यांच्या प्रातिनिधिक संस्थेपासून वेगळे काढण्यात आले. भारतात दोन्ही कामे एकाच छताखाली आहेत.

तक्रारीचा निकाल एका वर्षात लागला नाही, तर कलम ३६-ब नुसार ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. ही तरतूद अपवादासाठी होती. पण तिचा आधार वारंवार घ्यावा लागला. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या वकिलाने फी थकल्याचे कारण देऊन प्रकरणांची कागदपत्रे अडवून ठेवली. राज्य कौन्सिलला मुदतीत निकाल देता आला नाही. केंद्रीय संस्थेने सनद दीड वर्षासाठी निलंबित केली. फीसाठी अशिलाची कागदपत्रे अडवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. शिक्षा मात्र केवळ समज देण्यापर्यंत खाली आणली. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाला एक वर्षाच्या मुदतीची आठवण सर्व कौन्सिलांना पुन्हा करून द्यावी लागली.

महाराष्ट्राच्या कौन्सिलने एकेकाळी कठोरपणा दाखविला होता, हेही नमूद केले पाहिजे. मुंबईतील फौजदारी न्यायालयाच्या दारातच पक्षकारांना गाठून त्यांची कामे अक्षरशः हिसकावून घेणाऱ्या वकिलांना तिने तीन वर्षांसाठी निलंबित केले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना दोषमुक्त ठरविले, तेव्हा राज्य कौन्सिल स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेली. असे अपील करण्याचा तिचा अधिकार सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७५ मध्ये मान्य केला.

न्यायालयाने ही सूत्रे स्वतःकडे घेण्याचा प्रयत्नही झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायाधीशांशी उद्दाम वर्तन केल्याबद्दल बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या तत्कालीन अध्यक्षांचीच सनद सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निलंबित केली. परंतु अवमानाच्या अधिकारात सनदेला हात लावता येत नाही, असे घटनापीठाने १९९८ मध्ये ठरविले. २००९ च्या निकालाने न्यायालयासमोर उभे राहण्यास मनाई करण्याची मुभा न्यायालयांना असल्याचे मान्य केले, पण सनद कौन्सिलकडेच राहिली.

या अधिकाराचा वापर उलट दिशेनेही होऊ शकतो. प्रतिपक्षाच्या वकिलाला नामोहरम करण्यासाठी तक्रारी दाखल होतात. अशाच एका निराधार तक्रारीवर चौकशी आरंभल्याबद्दल महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ५० हजार रुपयांचा खर्च भरण्यास सांगितले. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आहे काय, हे आरंभीच कारणांसह तपासले गेले, तर अशा वकिलांची सुटका लवकर होईल आणि खऱ्या तक्रारदारांची सुनावणी वर्षाच्या आत पार पडण्यास वाव मिळेल.