फोटोची पाठही पाहा

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका वाचकाने परवा दोन फोटो दाखवले. दोन्हींत त्यांचे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीला गेलेले. एक फोटो दहा बाय बारा इंचांचा, खणखणीत, चौकटीतला. दुसरा काडेपेटीएवढा, कडा दातेरी, कोपऱ्यांत चंदेरी झाक, चेहरा पुसट. मोठा भिंतीवर, छोटा बिस्किटाच्या डब्यात.

अतिनील दिव्याखाली धरताच मोठा निळसर चमकला. अतिनील प्रकाशात चमकणारं उजळक रसायन कागदात मिसळायची रीत १९५०च्या दशकातली, म्हणजे ही प्रत युद्धानंतरची. छोटा चमकला नाही. तेवढ्याने त्याचं वय सिद्ध होत नाही, कारण उजळक नसलेला कागद नंतरही मिळत होता. पण त्याच्या पाठीवर पेन्सिलीने गाव, महिना आणि चार सोबत्यांची नावं होती. त्याच फोटोची मोठी प्रत काढताना ते चौघे कापले गेले होते.

आपण छायाचित्रकार मंडळी आधी रेखीवपणा बघतो, हाताला तीच सवय. युद्धाच्या फोटोत ती दगा देते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याच नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनियो नदीच्या पूरबांधावरच्या हल्ल्यासाठी. हल्ला संध्याकाळचा. उद्या कुणी भर उन्हातला, सावल्या स्पष्ट पडलेला ‘सेनियोचा हल्ला’ घेऊन आला, तर आधी त्या सावल्यांविषयी विचारा. १९१५ साली फ्रान्समध्ये छायाचित्रकार गर्डवूड यांनी हिंदी फौजेचे फोटो काढले. त्यांतली लढाईची कित्येक दृश्यं आघाडीच्या मागे रचून घेतलेली आहेत. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. गणवेश, हत्यारं, माणसं खरीच आहेत. फक्त नोंदीत ‘रचलेलं दृश्य’ असं स्वच्छ लिहायला हवं.

दुर्मिळतेचंही तसंच. १६ डिसेंबर १९७१ला ढाक्यात जनरल नियाझी शरणागतीवर सही करतानाचा फोटो देशभर पोहोचला. प्रसंग थोर, पण प्रती अगणित. त्याच आठवड्यात एखाद्या जवानाने साध्या कॅमेऱ्याने टिपलेला, जेमतेम फोकस जमलेला तुकडीचा फोटो कदाचित जगात एकच असेल. माझ्या लेखी मोल त्याचं जास्त, अट एवढीच की तो कुणी, कुठे, केव्हा काढला हे सांगता आलं पाहिजे.

निगेटिव्हच्या धोक्याबद्दल तोफांची दारू बनवणाऱ्या जवाहरनगरकरांना वेगळं सांगायला नको. तोफगोळा फेकणाऱ्या दारूतलं नायट्रोसेल्युलोज महायुद्धांच्या काळच्या कित्येक फिल्मच्या पट्टीतही असे. पट्टी पिवळी-तपकिरी, चिकट झाली असेल, उग्र वास येत असेल, तर ती लगेच इतरांपासून वेगळी करा. बंद प्लास्टिकमध्ये कोंबू नका, थंड जागी ठेवा, जाळून तर मुळीच पाहू नका. कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं असेल तर निदान पेट घेण्याची भीती कमी.

आणि एक विनंती. घराघरांतले असे डबे आता उघडले जात आहेत. कुणी फोटो स्कॅन करायला आणला की पाठही त्याच दर्जाने स्कॅन करा, कडा कापू नका आणि पेन्सिलीची अक्षरं खोडरबराने ‘साफ’ करू नका. नावं वाचू शकणारं एखादं वडीलधारं माणूस घरात असेल, तर आधी त्यांच्याजवळ बसा. स्कॅनर नंतर लावा.