दोन अज्ञातांची बेरीज

व्यायामशाळेत खांदा दुखावला किंवा धावताना टाचेमागची कंडरा धरली, की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: बीपीसी-१५७ आणि टीबी-५०० या पेप्टाइडांची इंजेक्शने जोडीने घ्या. पूर्वपक्ष असा, की पहिले दुखऱ्या जागी नव्या रक्तवाहिन्या आणते, दुसरे पेशींना तिथवर पोचवते, म्हणून दोन्ही परस्परपूरक. शिवाय दोन्हींचे मूळ शरीरातच, मग धोका कसला?

इन्सुलिनही शरीरच बनवते. मात्रा चुकली तर माणूस दगावू शकतो.

उंदरांवरचे प्रयोग मात्र मी झटकून टाकणार नाही. झाग्रेबमधील प्रेद्राग सिकिरिच यांच्या गटाने बीपीसी-१५७ दिलेल्या उंदरांत कापलेली कंडरा लवकर भरून आल्याचे दाखवले आहे. पण ती कंडरा निरोगी होती, प्रयोगासाठी कापलेली. चाळिशीतल्या धावपटूची कंडरा वर्षानुवर्षांच्या ताणाने आतून बिघडलेली असते. माणसांवरचे अभ्यास मोजके आणि अगदी लहान आहेत. या जोडीची तर माणसांवर तुलनात्मक चाचणीच झालेली नाही. दोन अप्रमाणित गोष्टी एकत्र केल्याने प्रमाण तयार होत नाही, उलट गुण कोणाचा आणि अपाय कोणाचा हेही कळेनासे होते. बाजारात तर टीबी-५०० या नावाखाली कधी थायमोसिन बीटा-४ हे पूर्ण प्रथिन विकतात, कधी त्याचा तुकडा. बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापलेले असते आणि सुई माणसाच्या दंडात जाते. नव्या रक्तवाहिन्या गाठींनाही पोसतात, ही शंका फेटाळण्याइतका दीर्घ अभ्यास कोणीही केलेला नाही.

‘मला तर फरक पडला’ हा अनुभव खोटा नसतो. पण अनेक दुखापती काही आठवड्यांत आपोआप उतरतात आणि श्रेय शेवटच्या इंजेक्शनला मिळते.

खेळाडूंना तर अशा इंजेक्शनांची किंमतही मोजावी लागली आहे. ऑस्ट्रेलियातील एसेंडन फुटबॉल क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर २०१२ च्या हंगामातील थायमोसिन बीटा-४ साठी २०१६ मध्ये दोन वर्षांची बंदी आली. बीपीसी-१५७ २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे.

मग करायचे काय? कंडरेवर बेताबेताने भार वाढवायचा. ताण जाणवला की तिच्यातल्या पेशी नवे कोलॅजन घडवतात. स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये जुनाट दुखणे असलेल्या १५ धावपटूंना पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम दिला: दिवसाला १८० वेळा, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. तो अभ्यासही लहानच होता. पण भाराच्या उपचाराची पुढे अनेक देशांत तुलनात्मक चाचण्यांतून पारख झाली. या पेप्टाइडांच्या जोडीची अशी पारख झालेली नाही.

प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: दुखापत झालेल्या मुलाच्या हाती बाटली देऊ नका, त्याला फिजिओथेरपिस्टकडे न्या आणि संघात परतायला तीन महिने द्या.