सिकलसेल तपासणी आणि सुईचा भयगंड

विशेष प्रतिनिधी, भंडारा -

पूर्व विदर्भाला सिकलसेल नवा नाही. भंडारा जिल्ह्यातही या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक आहेत. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन, अशी तिची उद्दिष्टे आहेत. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे विवाहापूर्वी, म्हणजे किशोरवयातच होणारी तपासणी मोलाची ठरते. मात्र तिचा आरंभ सुई टोचण्यापासून होतो आणि काही मुले तेथेच अडतात.

सुई किंवा रक्त पाहताच भोवळ येणे हा निव्वळ भित्रेपणा नव्हे. मानसोपचारशास्त्रात हा विशिष्ट भयगंडाचा एक प्रकार मानला जातो. इतर भयगंडांत नाडी व रक्तदाब वाढतात. येथे ते आधी वाढून एकाएकी खाली येतात आणि मूल बेशुद्ध पडू शकते. एकदा असे घडले की ते पुढची तपासणी टाळते. टाळल्याने तात्पुरते हायसे वाटते, पण भीती मुरत जाते. 'राहू द्या, पुढच्या वेळी पाहू' असे घरचे म्हणतात, तेव्हा तिला खतपाणीच मिळते.

यावर बोधात्मक वर्तनोपचार, अर्थात 'सीबीटी', परिणामकारक ठरतो. आधी सिरिंजचे चित्र, मग सुईविना सिरिंज हातात घेणे, त्यानंतर दुसऱ्याचे रक्त घेताना पाहणे आणि शेवटी स्वतःची तपासणी, असा क्रम असतो. प्रत्येक पायरी मुलाच्या संमतीनेच चढायची. भोवळ येणाऱ्यांसाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८०च्या दशकात वेगळे तंत्र विकसित केले. हातापायांचे स्नायू १०-१५ सेकंद ताणायचे, थोडे सैल सोडायचे आणि पुन्हा ताणायचे. त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. 'अंग सैल सोड' हा नेहमीचा सल्ला अशा मुलांना उपयोगी पडत नाही. सैल ठेवायचा तो केवळ सुई टोचायचा हात.

हा उपचार दीर्घकाळ चालतो, असेही नाही. विविध विशिष्ट भयगंड असलेल्या ७ ते १६ वयोगटातील २६८ मुलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे तीन तासांचे एकच सत्र अनेक सत्रांच्या 'सीबीटी'पेक्षा कमी परिणामकारक नाही, असे त्यात आढळले.

प्रश्न आहे तो प्रशिक्षित मनुष्यबळाचा. एका अंदाजानुसार देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता; प्रमाण होते ०.७५. भंडाऱ्याहून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तेव्हा पहिली पायरी शाळेतच हवी. सुई टोचण्यापूर्वी 'आधी कधी भोवळ आली होती का?' असे विचारणे, तशा मुलास आडवे झोपवणे, स्नायू ताणण्यास शिकवणे आणि बळजबरीने धरून न ठेवणे, एवढे तरी शाळा तपासणी पथकांना शिकवता येईल. तीव्र भीती असलेल्यांना तज्ज्ञांकडे पाठवावे लागेल. प्राथमिक सल्ल्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे.

तपासणीच्या दिवशी जी मुले गैरहजर राहतात, त्यांच्या नावापुढे केवळ फुली मारून भागणार नाही. ती का आली नाहीत, याची चौकशी व्हायला हवी. अन्यथा सुईला घाबरणारे मूल आपण वाहक आहोत की नाही, हे जाणून न घेताच बोहल्यावर उभे राहील.